शिवणीतली माया

गुरुपौर्णिमा पंधरा दिवसांवर आली म्हणजे आमच्या घरच्या गायनवर्गात दोन तऱ्हेची कुजबुज सुरू होते. पहिली रागांची : कोणाच्या वाट्याला काय आले, कोणाला बडा ख्याल मिळाला, कोणाची छोट्या ख्यालावर बोळवण झाली. दुसरी कपड्यांची. पहिली माझ्यासमोर चालते, दुसरी जिन्यात. आणि जिन्यातली कुजबुज समोरच्या बोलण्यापेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येते, हा अनुभव ज्यांच्या घराला जिना आहे त्या सर्वांना असेल.

गेल्या वर्षी ही दुसरी कुजबुज मी कानाआड केली आणि त्यापायी माझी एक गुणी विद्यार्थिनी हातची जायची वेळ आली. त्या निमित्ताने जे आठवले आणि जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू. विषय साधा आहे : बेताच्या पैशांत चारचौघांत शोभेल असे कसे ल्यावे-नेसावे. गवयाच्या मुलाने कपड्यांवर लिहावे ह्याचे कोणाला नवल वाटेल. पण दरबारी गवयाच्या घरात सुरांच्या खालोखाल कशाची काळजी वाहिली जात असेल, तर ती कपड्यांची. दरबारात माणूस आधी दिसतो, त्याचे गाणे नंतर ऐकू येते.

आमचे घर भोपाळच्या साकेत नगरात. एका अंगाला भेलची जुनी वसाहत, दुसऱ्या अंगाला एम्सचे मोठे रुग्णालय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची घडी बसली, भोपाळ राजधानी झाले, आणि नागपूरची, ग्वाल्हेरची, इंदूरची कितीतरी मराठी नोकरदार मंडळी आपापल्या कचेऱ्यांच्या दप्तरांबरोबर इकडे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली, त्याच्या निमित्तानेही मराठी कुटुंबे आली. त्यांची तिसरी-चौथी पिढी आता इथे नांदते आहे. तिचे मराठी थोडे हिंदीकडे झुकले आहे. पण घरातल्या पेट्या उघडल्या तर आतली लुगडी अजून अस्सल मराठीच निघतात.

ती मुलगी अशाच एका घरातली. आजोबा नागपूरहून सचिवालयात बदलून आलेले. वडील आता हयात नाहीत. आई शिकाऊ डॉक्टरांना जेवणाचे डबे पुरवून संसार रेटते. मुलीचा गळा गोड आहेच, पण त्याहून मोठा आहे तो तिचा धीर. भूपाचा गंधार ती असा लावते की पुढे जायची घाई ऐकणाऱ्यालाच होते, तिला होत नाही. यंदा शेवटी हिलाच बसवायचे, असे मी मनाशी ठरवून ठेवले होते. एके संध्याकाळी ती म्हणाली, “सर, ह्या वेळी मी गात नाही. तंबोऱ्यावर बसते.” कारण विचारले तर तिने घशाकडे बोट दाखवले. घसा ठणठणीत होता. मी तासभर तोच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. “सर, पैशांचा प्रश्न नाही हो,” हे बाईंचे पहिले वाक्य. त्यावरून प्रश्न पैशांचाच आहे हे मला कळले. मग हळूहळू उलगडा झाला. वर्गातल्या मोठ्या मुलींनी आपसांत ठरवून एकाच दुकानातून एकसारखे लेहंगे घ्यायचा बेत केला होता. एकेकीला साडेतीन हजार रुपये पडणार होते. जी त्या रांगेत एकसारखी दिसणार नाही तिने मागे तंबोऱ्यावर बसायचे, हेही न बोलता ठरले होते. माझ्याच घरात, माझ्याच जिन्यात हे ठरले, आणि घरमालकाला त्याचा पत्ता नव्हता. “ताई, मला दोन दिवस द्या,” एवढेच मी कसेबसे म्हणालो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या मुलीएवढा असताना मीही कपड्यांपायी एक गोष्ट करून बसलो आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, हे माळव्यातल्या एका मराठी संस्थानातले गवई, आजोबाही तिथलेच. १९४८ साली संस्थाने विलीन होऊन मध्यभारत झाले तेव्हा अण्णा चौदा वर्षांचे होते आणि आजोबांच्या मागे तंबोरा धरून दरबारात बसत. राज्य गेले तरी वाडा राहिला. नवरात्रात देवीपुढे आणि दसऱ्याच्या बैठकीत हजेरी लावायची रीत होती, ती १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले तोवर चालू राहिली. मग अण्णा भोपाळला आले आणि एका शाळेत संगीतशिक्षक झाले. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. दरबार मी पाहिला नाही. दरबाराचे कपडे तेवढे पाहिले.

ते होते तरी किती? दोन पांढरे अंगरखे, दोन सुरवारी, कोशाचा एक बंद गळ्याचा कोट, एक पगडी आणि एक जरीकाठी शेला. मोजून सात नग. शेला आणि पगडी ही दरबारातून मानाने मिळालेली. बाकीचे आजीने पोटाला चिमटा घेऊन शिवून घेतलेले. तेवीस वर्षांची दरबारी हजेरी अण्णांनी ह्या सात नगांवर पार पाडली, आणि ‘गवयाचा मुलगा परवाचाच अंगरखा घालून आला’ असे कोणी म्हटल्याचे आमच्या घरच्या आठवणींत नाही.

ह्यामागचे गुपित पैशाचे नव्हते, आजीच्या हाताचे होते. अंगरखा धुतला की उलटा करून सावलीत वाळवायचा. भाताच्या पेजेची पातळ खळ द्यायची. दाट झाली तर कापड पुठ्ठ्यासारखे उभे राहते. निळीचा थेंब जास्त पडला तर, आजीच्या शब्दांत, “कपडा आजारी दिसतो.” इस्त्री नव्हती तेव्हा तांब्यात निखारे घालून तो फिरवायचा आणि घडी रात्रभर गादीखाली ठेवायची. पगडीवर फडके झाकायचे. शेला जुन्या मलमलीच्या बासनात, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वाळ्याच्या चार काड्या. जरीला अत्तर लावायचे नाही, ती काळी पडते. अत्तराचा फाया कानात ठेवायचा. आणि दर दोन महिन्यांनी सगळ्या रेशमी वस्त्रांची घडी बदलायची, कारण एकाच घडीवर रेशीम वर्षानुवर्षे राहिले की तिथेच ते तुटते. आजीचे स्वतःचे लुगडे मध्यभागी झिजले की ती तेवढा भाग कापून टाकी, दोन्ही धड टोके जोडी, दंड घाली आणि पुढे दोन वर्षे तेच नेसे. निऱ्यांत तो दंड असा जाई की शेजारणीलाही कळत नसे.

आता माझी गोष्ट. १९९७ साली मी अठरा वर्षांचा होतो आणि एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गाणार होतो. अण्णांनी तो कोशाचा कोट पुढे केला. म्हणाले, “हा घाल. तुला बसेल.” मला तो जुनाट वाटला. बरोबरीची मुले चकाकत्या शेरवान्या घालून येणार होती. त्या आठवड्यात गल्लीत जुनी जर विकत घेणारा आला. अण्णा शाळेत होते, आई बाजारात गेली होती. मी पेटी उघडली, बासनातून शेला काढला आणि त्या माणसाच्या तराजूत टाकला. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेची, तिला सोन्याचे पाणी दिलेले. कापड जाळून टाकले की चांदी मागे उरते. तो त्याचे पैसे मोजतो, विणकराचे नव्हे. मला नऊशे रुपये मिळाले. त्यात पदरचे दोनशे घातले आणि अकराशेची शेरवानी आणली.

शेरवानी उभ्याने छान दिसत होती. पण गाणे उभ्याने गात नाहीत. मांडी घालून बसलो तशी ती मांड्यांवर ताठली, गळ्याशी काचू लागली, आणि तान घेताना हात उचलावा तर मुंढ्यापाशी धरून ठेवू लागली. तंबोरा जवळ घेता येईना. तार षड्जाला गेलो तेव्हा गळ्याचे बटण तुटून परीक्षकांच्या टेबलापर्यंत घरंगळत गेले. सभागृह हसले. मीही हसल्यासारखे केले. नंबर लागला नाही हे वेगळे सांगायला नको.

शेल्याचा पत्ता लागला तो दसऱ्याला. अण्णांनी पेटी उघडली आणि रिकामे बासन हातात घेतले. मी दारात उभा होतो; मी काय केले ते सांगितले. ते रागावले नाहीत. बासनाची चौपदरी घडी घालून त्यांनी ते पुन्हा होते तिथे ठेवले. मग एवढेच विचारले, “त्या शेरवानीत हात वर जातो का?” मी म्हणालो, “नाही.” “मग गाणार कसा?”

पुढच्या आठवड्यात ते मला शिंप्याकडे घेऊन गेले आणि पांढऱ्या मांजरपाटाचा कळीदार कुडता शिवायला टाकला. बाजूला कळ्या, काखेत चौबगला, गळा सैल. शिंपी मापे घेत असताना अण्णा त्याला म्हणाले, “शिवणीत माया भरपूर ठेवा. पोरगा अजून वाढतो आहे.” माझी उंची तर केव्हाच वाढायची थांबली होती.

बेताच्या पैशांत रुबाबदार दिसण्याचे सारे शास्त्र मला त्या दोन वाक्यांत सापडते. कपडा कामाला मोकळा हवा, आणि त्याच्या आत उद्यासाठी काही शिल्लक हवी. ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो.

पहिला हिशेब किमतीचा. कपड्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. ती तो किती वेळा अंगावर येतो त्यावर ठरते. चार हजारांची साडी ऐंशी वेळा नेसली तर प्रत्येक नेसणे पन्नास रुपयांना पडले. दीड हजारांचा झगमगीत पोशाख तीनदा घालून कपाटात गेला तर प्रत्येक वेळेचे पाचशे झाले. दोघींत महाग कोण? गरीब माणसाला स्वस्त कपडा परवडत नाही, असे आजी म्हणे ते ह्याच अर्थाने.

दुसरा हिशेब शिवणीचा. तयार कपड्यांत कापड वाचवायचे असते म्हणून माया ठेवत नाहीत. बहुतेकांत बोटभरही नसते. माणूस जरा सुटला की कपडा बाद. त्याऐवजी कापड घेऊन शिंप्याकडे जावे. कुडत्याला सव्वादोन-अडीच मीटर पुरते. भोपाळकरांना बैरागढचा, म्हणजे आताच्या संत हिरदाराम नगरचा, ठोक बाजार ठाऊक आहेच. फाळणीनंतर सिंधी बांधवांनी तो वसवला, वाढवला. तिथे कटपीस चाळायची सवड काढली तर उत्तम सुती कापड माफक दरात मिळते. वाचलेले पैसे भरतकामावर न घालता शिलाईवर घालावेत. खांद्यावर नीट बसलेला साधा सदरा, खांद्यावरून ओघळणाऱ्या भरजरी सदऱ्यापेक्षा केव्हाही उजवा.

तिसरा हिशेब कापडाच्या जातीचा, आणि ह्या बाबतीत आपण मध्यप्रदेशातले मराठी लोक फार भाग्यवान. आपल्या उंबऱ्याशी महेश्वर आहे, चंदेरी आहे. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला राजधानी केली आणि ठिकठिकाणचे विणकर आणून वसवले, हे आपण जाणतो. त्या विणकामाची मोठेपणाची खूण ही की त्यात मिरवणे कमी आणि मर्यादा जास्त. अंग साधे, पट्ट्यांचे किंवा चौकटीचे. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठावर नर्मदेच्या लाटेची, चटईची, विटेची नक्षी. रंगांची नावे ऐकावीत : डाळिंबी, गुलबक्षी, अंगुरी, तपकिरी. मागावरचा विणकर हिंदीत बोलत असेल, पण त्याचे कितीतरी रंग मराठीत बोलतात. बहुतेक साड्यांत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, त्यामुळे रेशमाची झळाळी सुताच्या किमतीला जवळ येते.

पण काटकसर करणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो. त्याला बुगडी म्हणतात. साडी उलटी नेसली तरी ती सुलटीच. एक बाजू विटली तर दुसरी आहे. ज्या कोणी हा काठ बसवला त्याला घरखर्च कळत होता. विकत घेताना काठाची मागची बाजू जरूर पाहावी. तिथे कापलेले सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागावरची नक्कल समजावी. हा धंदा मधल्या काळात मोडकळीला आला होता. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी महेश्वरला रेहवा संस्था काढून विणकर स्त्रियांच्या हाती पुन्हा माग दिले, म्हणून आज ही साडी आपल्याला दिसते आहे.

चंदेरीची गोष्ट थोडी निराळी. ती ग्वाल्हेर संस्थानातली. शिंदे सरकारांच्या आश्रयाने वाढलेली. २००५ साली तिला भौगोलिक ओळखीचे सरकारी संरक्षण मिळाले. तिचे रेशीम उकळून त्यातला डिंक काढून टाकत नाहीत, म्हणून ती पारदर्शक आणि चमकदार दिसते; आणि म्हणूनच घडीवर चटकन तुटतेही. चंदेरी घ्यावी, पण आजीची घडी बदलण्याची शिस्त ज्या घरात आहे त्याच घराने घ्यावी. सरकारी मृगनयनी भांडारात दोन्ही मिळतात. खादी घ्यायची तर गांधी जयंतीच्या सुमारास, सूट असते तेव्हा घ्यावी. सणाच्या आदल्या दिवशी बाजारात जाणारा माणूस कपडा विकत घेत नाही, घाई विकत घेतो.

चौथा हिशेब जरीचा आणि हौसेचा. इथे कोणी म्हणेल, सगळेच हिशेब झाले; मग हौस कुठे गेली? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या समाजाने बालगंधर्वांवर जीव ओवाळून टाकला त्याला हौसेचे वावडे कसे असेल? त्यांचे शालू, त्यांचे नेसणे, त्यांचा अंबाडा आणि गजरा पाहून घराघरांतल्या बायकांनी आपल्या नेसण्याची ढब बदलली. पण १९१३ साली निघालेली ती गंधर्व नाटक मंडळी खऱ्या भरजरी वस्त्रांच्या आणि खऱ्या अत्तरांच्या खर्चाने कर्जात बुडाली, हेही तितकेच खरे. आणि मौज अशी की बायकांनी त्यांच्याकडून जे उचलले ते शालूची किंमत नव्हे. उचलली ती पदर घेण्याची, मान वळवण्याची, निऱ्या सांभाळण्याची तऱ्हा. तिला पैसे पडत नाहीत. हौस करावी, पण एकाच जागी करावी. साध्या साडीवर गजरा, किंवा जुन्या भोपाळच्या कारागिरांनी जरदोजीने भरलेला एखादा बटवा. भूपात पाचच स्वर असतात. पण त्यातल्या एकेकाला पुरेशी जागा दिली तर सहाव्याची आठवण होत नाही.

असो. उपदेश पुष्कळ झाला. त्या मुलीकडे वळतो.

दोन दिवसांनी मी सगळ्या विद्यार्थ्यांना बसवले आणि सांगितले की ह्या गुरुपौर्णिमेला कोणीही नवे कापड अंगावर घालून यायचे नाही. घरातल्या पेटीतले, आईचे, आजीचे, बापाचे जे असेल ते धुऊन, दुरुस्त करून घालायचे. आणि ते कोणाचे हे गाण्याआधी एका वाक्यात सांगायचे. लेहंग्यांचा बेत करणाऱ्या मुलींचे चेहरे उतरले. एका पालकांनी मला घरी येऊन ऐकवले, “मास्तर, मुलींनी हौस करायची नाही का? आणि पैसे आमचे जातात, तुम्हाला काय?” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. “पुढच्या वर्षी जरूर करा,” मी म्हणालो, “पण जी हौस केल्याने वर्गातली एक मुलगी मागे बसते ती माझ्या घरात नको.” ते चहा न घेता गेले. त्यांची मुलगी मात्र वर्गाला यायची थांबली नाही, ही त्यांची कृपा.

मग मी त्या मुलीच्या घरी गेलो. आजी ऐंशीच्या पुढची, पण नजर शाबूत. पेटी उघडली गेली. तळाशी डाळिंबी रंगाचे नऊवारी महेश्वरी निघाले. आजींनी ते लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नेसलेले. बाहेरची बाजू विटली होती, आणि पदराच्या उलट्या टोकाकडे उंदराने दोन जागी दाद मागितलेली होती. मुलगी सहावारी नेसणार. आई म्हणाली, “हे कापायचे? सासूबाईंचे?” कोणी काही बोलेना. मला माझे ते रिकामे बासन आठवले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. जुने वस्त्र मोडण्याचा सल्ला देणारा मी कोण?

शेवटी आजीच म्हणाल्या, “अगं काप. पेटीत पडून ते कोणाला शहाणे करणार आहे? आम्ही दंड घालून नेसत होतो, ते काय लुगड्याचा अपमान करत होतो?”

पदराच्या बाजूने सहा वार घेतले. उरलेल्या तीन वारांतला कुरतडलेला भाग काढून धड कापडाचा पोलका झाला, आणि त्याच्या शिवणीत शिंप्याने माया ठेवली. साडी उलटी नेसवली. आतली बाजू कधी उन्हात गेली नव्हती, त्यामुळे डाळिंबी रंग कालच रंगवल्यासारखा दिसत होता. शिलाईचे तीनशे रुपये झाले. गजरा वर्गातल्याच एका मुलीने आणला, लेहंग्याच्या बेतात जी सर्वांत पुढे होती तिने.

मला तेव्हा एक फरक कळला. मी विकलेला शेला जळून गेला. ह्यांचे लुगडे कापले गेले तरी घरातच राहिले. वस्त्र मोडावे, पण दुसरे वस्त्र करण्यासाठी.

गुरुपौर्णिमेला आमच्या बैठकीच्या खोलीत जी मंडळी बसली त्यांच्याइतके देखणे श्रोते मी मोठ्या सभागृहांतही पाहिलेले नाहीत. कोणी आजोबांचे उपरणे घेऊन आला होता, कोणी आईची चंदेरी ओढणी करून. एका मुलाने वडिलांचा भेलमधला खाकी सदरा स्वच्छ इस्त्री करून घातला होता आणि छाती काढून सांगितले की हा बापाचा. ती मुलगी शेवटी बसली. “आजीचे लुगडे,” एवढेच म्हणाली आणि भूप सुरू केला. आजी भिंतीला टेकून होत्या. मध्यलयीत त्यांनी पुढे वाकून नातीच्या साडीचा काठ बोटांत धरला आणि गाणे संपेपर्यंत सोडला नाही.

मलाही नियम लागू होता. अण्णांचा कोशाचा कोट मी पेटीतून काढला. १९९७ साली मला तो बसला असता. आता छातीवर मिटेना. म्हणून आठ दिवस आधी शिंप्याकडे नेला होता. त्याने दोन्ही बाजूंची शिवण उसवली, कापड उलगडले आणि मला हाक मारली. आत दोन-दोन बोटे माया निघाली. कुणा जुन्या शिंप्याने साठ-सत्तर वर्षांपूर्वी ठेवलेली. बाहेरचा कोट विटून बदामी झाला होता. आतली पट्टी अजून मधाच्या रंगाची होती.

“सर, ही पट्टी वेगळी दिसेल,” शिंपी म्हणाला. “रंगवून देऊ का सगळा?”

मी म्हणालो, “नको. दिसू दे.”